रोजची गाडी लो करायचीय? सस्पेन्शनचे पार्ट कसे निवडायचे, पहिल्या मापापासून अलाइनमेंटपर्यंत

गाडी लो करायची म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, स्प्रिंग कोणत्या कंपनीच्या घेऊ. खरं तर तो प्रश्न बराच नंतर येतो. त्याच्या आधी तीन मापं हातात हवीत: तुमच्या गाडीत चाकाला वर जायला जागा किती आहे, त्यातली रोजच्या रस्त्यावर किती वापरली जाते, आणि गाडी खाली बसवल्यावर किती उरणार. ही तीन मापं असली की निम्मे पार्ट आपोआप यादीतून बाद होतात. माझ्या रोजच्या गाडीला मी लोअरिंग स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे आखूड शॉकअप लावलेत आणि त्यावर खूश आहे, पण तिथे पोचेपर्यंत माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली आणि त्यातली बरीचशी एकमेकांच्या विरुद्ध होती, म्हणून ती क्रमाने लिहून काढतोय.

हे सगळं रोज ऑफिसला जाणाऱ्या, मागे माणसं बसणाऱ्या, डिकीत सामान भरणाऱ्या गाडीसाठी आहे. ट्रॅकची किंवा शोची गाडी असेल तर तिथली गणितं वेगळी असतात.

१. आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

चाक काढा किंवा गाडी लिफ्टवर घ्या आणि नीट बघा. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) असेल तर बऱ्याचदा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, मल्टिलिंकमध्ये (प्रत्येक चाकाला स्वतःचे वेगवेगळे आर्म) दोन्ही प्रकार सापडतात. हे माहीत असणं का गरजेचं ते पाचव्या स्टेपमध्ये येईल.

मग हे बघा:

- गाडी कंपनीतूनच स्पोर्ट सस्पेन्शनवर आली आहे का. काही मॉडेलमध्ये स्पोर्ट व्हर्जन साध्यापेक्षा आधीच १०-१५ मिमी खाली असतं आणि स्प्रिंगच्या बॉक्सवर लिहिलेले ३० मिमी साध्या गाडीच्या हिशोबाने असतात, त्यामुळे तुमच्या हातात प्रत्यक्षात १५-२० च पडतात. 
- शॉकअपला वायर जाते का. जात असेल तर ते इलेक्ट्रॉनिक आहेत. साधे शॉकअप लावले तर डॅशबोर्डवर एरर येणार आणि तो घालवायला वेगळं मॉड्यूल लागतं, म्हणून अशा गाडीला एकतर फक्त स्प्रिंग बदला किंवा वायरसकट चालणारी किट शोधा.
- मागचे शॉकअप सेल्फ-लेव्हलिंग आहेत का, काही स्टेशन वॅगन आणि एसयूव्हींना निवोमॅट प्रकारचे येतात. हे शॉकअप स्वतःच वजनाचा काही भाग उचलतात आणि त्यांच्यासोबतची स्प्रिंग मुद्दाम नरम असते. त्यावर नुसती लोअरिंग स्प्रिंग टाकून हवी ती उंची मिळत नाही, आणि निवोमॅट काढून साधा शॉकअप लावला तर जुनी नरम स्प्रिंग वजन पेलत नाही. दोन्ही एकदम बदलावं लागतं.
- पुढच्या एक्सलवर परवानगी किती किलोची आहे. एकाच मॉडेलच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला आणि जड डिझेल इंजिनाला स्प्रिंग वेगळ्या येतात. स्प्रिंगच्या कॅटलॉगमध्ये एक्सल लोडचे आकडे दिलेले असतात, ते वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका. हलक्या गाडीला जड गाडीची स्प्रिंग टाकली तर पुढचं तोंड खाली बसतच नाही.

मागे पाटे असतील किंवा जुन्या काही फ्रेंच गाड्यांसारखा टॉर्शन बार असेल तर उंची कमी करायची पद्धतच वेगळी आहे, तो वेगळा विषय आहे.

२. मापं घ्या, आणि मूळ गाडीवरच घ्या

जमिनीपासून व्हील आर्चपर्यंत मोजू नका, कारण टायर किती झिजलंय आणि हवा किती आहे यावर ते माप हलतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर आर्चच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांचं, गाडी सपाट जागेवर, स्टिअरिंग सरळ, टाकी किती भरली आहे ते सोबत लिहून ठेवा. डावं-उजवं मूळ गाडीतही चार-पाच मिमी वेगळं निघू शकतं, हे आधी माहीत असलं की नंतर नवीन स्प्रिंगला दोष दिला जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. शॉकअपचा चकचकीत रॉड असतो त्यावर एक बारीक प्लॅस्टिकचा झिप टाय बांधा, सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतकाच घट्ट, आणि तो खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा (वर रबरी बूट असेल तर तो तेवढ्यापुरता वर सरकवा). मग तुमच्या नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने, नेहमीचे खड्डे आणि स्पीडब्रेकर घेत गाडी चालवा. परत आल्यावर सपाट जागेवर उभ्या गाडीत झिप टाय आणि नळी यांच्यामध्ये जेवढं अंतर दिसेल, तेवढं तुमचं सस्पेन्शन आत दाबलं गेलं होतं. एकदा एकट्याने आणि एकदा माणसं-सामान भरून असं करा. त्याच वेळी नळीच्या टोकापासून बम्प स्टॉप, म्हणजे रॉडवरचा तो पिवळट किंवा काळा फोमचा तुकडा, त्याच्या खालच्या कडेपर्यंत किती मोकळी जागा आहे तेही मोजा.

उदाहरण घ्या. मोकळी जागा ६० मिमी आहे आणि रोजच्या रस्त्यावर ४० वापरले जातात. म्हणजे शिल्लक २०. गाडी ३० मिमी खाली बसवली तर ही मोकळी जागा ३० वर येते आणि ४० मिमीची हालचाल करायला गेलं की रोज बम्प स्टॉपवर बसणार. नवीन स्प्रिंग कडक असल्यामुळे वापर थोडा कमी होतो हे खरं, पण तो फरक उंचीच्या फरकाएवढा नसतो. लोक म्हणतात ना की लो केल्यावर गाडी दणके मारते, ते बऱ्याच वेळा स्प्रिंग कडक असल्याने होत नाही, बम्प स्टॉपवर आपटल्याने होतं.

आता गाडीखालचं माप. गाडीखाली सगळ्यात खाली काय लोंबतंय ते शोधा: इंजिनाची संप (खालची तेलाची टाकी), क्रॉसमेंबर (खालचा आडवा बीम), एक्झॉस्टचा जोड किंवा बंपरची खालची पट्टी. साधा हिशोब सांगतो. पुढचं टायर जिथे जमिनीला टेकतं तिथून बंपरचं टोक ९० सेंमी पुढे असेल आणि बंपरखाली १८ सेंमी जागा असेल तर चढाला भिडण्याचा कोन साधारण ११ अंश येतो, तीच जागा १५ सेंमी झाली की साडेनऊच्या आसपास. दोन चाकांमधलं अंतर २६० सेंमी आणि मधे १६ सेंमी क्लिअरन्स असेल तर उंचवटा ओलांडायचा कोन १४ अंश, १३ सेंमी केल्यावर साडेअकरा. आकडे लहान दिसतात पण पार्किंगचा रॅम्प आणि उंच स्पीडब्रेकर याच दीड-दोन अंशांवर घासतात.

आकडेमोड नको असेल तर जेवढी गाडी खाली करायची तेवढ्या जाडीची मऊ फोमची पट्टी बंपरच्या खालच्या कडेला आणि क्रॉसमेंबरला टेपने चिकटवा (एक्झॉस्टच्या जवळ अजिबात नको, पेट घेईल) आणि काही दिवस तसंच फिरा. फोम जिथे घासून निघतो तिथे उद्या गाडी घासणार.

३. किती खाली करायचं

माझं मत स्पष्ट आहे, रोजच्या गाडीला २० ते ३० मिमी. ४० च्या पुढे गेलात की प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते आणि कारणं तीन आहेत.

एक, वजन. समजा मागच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगचा परिणामी कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी आहे, म्हणजे दोन चाकांचा मिळून ५०. मागच्या एक्सलवर माणसं आणि सामान मिळून २०० किलो वाढले तर साधारण १९६० न्यूटन झाले, गाडी मागून जवळपास ३९ मिमी बसणार. आधीच ४० मिमी खाली केलेली असेल तर मूळ उंचीपेक्षा जवळजवळ ८० खाली गेलात, आणि अजून एकही खड्डा आलेला नाही.

दोन, भूमिती. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म मूळ उंचीवर जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित खाली झुकलेला असतो. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं आणि त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की वळणावर गाडीला कलवणारी तरफ लांब होते, म्हणजे खूप लो केलेली गाडी स्प्रिंग कडक नसेल तर मूळ गाडीपेक्षा जास्त कलू शकते. टाय रॉडचा कोनही बदलतो आणि खड्ड्यात चाक स्वतःहून किंचित वळतं. यावर उंच बॉल जॉइंट आणि त्याला जुळणारे टाय रॉड एंड मिळतात पण सगळ्या मॉडेलना मिळत नाहीत. २५ मिमीपर्यंत यातलं काही सहसा लागत नाही.

तीन, ड्राइव्हशाफ्टचा कोन, अँटी-रोल बारच्या (वळणावर कलणं आवरणारी सळई) लिंक रॉड, टायर आतल्या लायनरला लागणं, या सगळ्या गोष्टी उंची जास्त घटवली की एकाच वेळी डोकं वर काढतात.

नुसता आर्चमधला गॅप डोळ्यांना खुपत असेल तर चाकाचा ऑफसेट (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते ते) बदलून किंवा योग्य स्पेसर (हब आणि रिममधली चकती) लावून चाक थोडं बाहेर आणलं तरी गाडी बसलेली दिसते, २० मिमी खाली आणि चाक आर्चच्या रेषेत हे दिसायला ४० मिमी खाली केलेल्या गाडीपेक्षा कमी नसतं. स्पेसर हबला फिट बसणारेच घ्या आणि बोल्ट त्या मापाने लांब.

४. कोणता पर्याय घ्यायचा

*स्प्रिंग कापणे.* नको. कुठल्याही परिस्थितीत नको. एक तर कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो, सहा काम करणाऱ्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, आणि शॉकअप मात्र जुनाच. दुसरं, कापलेलं टोक स्प्रिंगच्या सीटमध्ये, म्हणजे ती टेकते त्या वाटीत, बसत नाही. तिसरं सगळ्यात वाईट, चाक हवेत लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून निघू शकते. स्प्रिंग गरम करून दाबून आखूड करणं तर त्याहून घातक, स्टीलचं हीट ट्रीटमेंट जातं आणि ती पुढे हळूहळू बसत राहते किंवा तुटते.

*फक्त लोअरिंग स्प्रिंग.* आयबाख प्रो-किट किंवा एच अँड आर स्पोर्ट या लोकांना माहीत असलेल्या स्प्रिंग याच प्रकारातल्या. शॉकअप नवे किंवा कमी चाललेले असतील आणि उंची २०-३० मिमीच कमी होत असेल तर हे चालतं. शॉकअप जुने असतील तर पैसे वाचवायला म्हणून फक्त स्प्रिंग टाकू नका. मूळ शॉकअपची लांबी मूळ उंचीसाठी असते, गाडी खाली आली की त्याचा पिस्टन रोजच नळीच्या खालच्या भागात काम करतो, आणि कडक स्प्रिंगला आवरायला जास्त डॅम्पिंग (शॉकअपची हालचाल थोपवण्याची ताकद) लागतं. कडकपणा ३० टक्के वाढला तर डॅम्पिंगची गरज साधारण १४ टक्के वाढते, थकलेला शॉकअप हे कुठून आणणार. मग गाडी उंचवट्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहते.

*स्प्रिंग आणि जुळणारे आखूड शॉकअप.* नवीन माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. बिल्स्टाईनचं उदाहरण घेतलं की फरक लगेच कळतो: बी४ मूळ शॉकअपच्या जागी, बी६ मूळ लांबीचा पण जास्त डॅम्पिंगचा, बी८ लो केलेल्या गाडीसाठी आखूड, आणि बी१२ म्हणजे बी८ सोबत आयबाखच्या स्प्रिंग असा जुळवलेला सेट. इथे लोक हमखास चुकतात ते म्हणजे बी६ आणि बी८ मधे, दोघांची किंमत आणि दिसणं सारखं म्हणून जो मिळेल तो घेतात. गाडी लो करणार असाल तर आखूडच हवा. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट सीरिजमध्ये रिबाउंड (शॉकअप परत उघडतानाचं डॅम्पिंग) कमीजास्त करता येतो, ते ज्यांना स्वतः सेट करायची हौस आहे त्यांच्यासाठी छान.

*कॉइलओव्हर.* आट्यांच्या नळीवर स्प्रिंग बसवलेला शॉकअप. उंची स्वतः ठरवता येते हा मोठा फायदा, डावं-उजवं आणि पुढचं-मागचं अचूक जुळवता येतं. केडब्ल्यूची व्हेरिएंट १ फक्त उंची बदलते, २ मध्ये रिबाउंडही, ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दाबलं जातानाचं डॅम्पिंग) दोन्ही. रोजच्या गाडीला सगळ्यात जास्त नॉब असलेली किट हवीच असं नाही, फॅक्टरीतून नीट डॅम्पिंग सेट करून आलेली साधी किट ही बत्तीस क्लिकवाल्या स्वस्त किटपेक्षा रस्त्यावर चांगली बसते, कारण चुकीचं सेट केलेलं रिबाउंड गाडीला खड्ड्यांच्या रांगेत हळूहळू खाली ओढतं आणि शेवटी ती बम्प स्टॉपवर जाऊन बसते.

कॉइलओव्हर घेताना उंची कशी बदलते ते बघा. एका प्रकारात स्प्रिंगची खालची वाटी आट्यांवरून फिरवतात, त्यात गाडी जितकी खाली तितका दाबायचा ट्रॅव्हल (हालचालीची जागा) कमी. दुसऱ्यात खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो आणि शॉकअपची एकूण लांबी बदलते, त्यात ट्रॅव्हल शाबूत राहतो, पण टायर आर्चला आतून लागतंय का ते तुम्हाला बघावं लागतं. आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवणं) वाढवला की स्प्रिंग कडक होते असं बरेच जण सांगतात ते सरळ रेषेच्या, म्हणजे दाबली तरी कडकपणा तोच राहणाऱ्या, स्प्रिंगला लागू नाही, वाटी फिरवून तुम्ही उंची बदलता, कडकपणा तोच राहतो.

चिखल-पाणी-मीठ लागणाऱ्या गाडीला आट्यांचा गंज हा खरा शत्रू आहे. स्टेनलेस नळीची किट महाग पडते पण काही वर्षांनी रिंग फिरते. बाकीच्यांवर बसवतानाच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा.

*एअर सस्पेन्शन.* पार्किंगचा रॅम्प उंच आहे आणि तरी गाडी खालीच हवी, अशांना हा खरा उपाय आहे. कंप्रेसर, टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळ्याची देखभाल करायची तयारी हवी. पहिलीच गाडी असेल तर मी यात पडू नका म्हणेन.

५. कॅटलॉगमधले आकडे वाचायचे कसे

स्प्रिंग रेट न्यूटन प्रति मिमी किंवा किलो प्रति मिमी मध्ये लिहितात, १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८ न्यूटन प्रति मिमी. पुढची स्प्रिंग ३० आणि मागची ७० दिसली तर घाबरू नका. चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंग किती आत बसवली आहे त्यावर अवलंबून असतो आणि स्प्रिंग व चाक यांच्या हालचालीच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. मॅकफर्सन स्ट्रटला गुणोत्तर जवळपास १ असतं, समजा ०.९५, मग ३० चे चाकापाशी २७ होतात. मागे आर्मवर आतल्या बाजूला बसलेल्या स्प्रिंगला ०.६ धरलं तर ७० चे ०.३६ पटीत २५ च राहतात. म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या गाडीवर कुणाला काय आवडलं याचा तुमच्या गाडीला काही उपयोग नाही.

पहिल्या स्टेपमध्ये मागची स्प्रिंग बघायला सांगितली ती यासाठी: मागे स्प्रिंग वेगळी असलेल्या गाडीला शॉकअपवरच स्प्रिंग चढवणारी किट घेऊ नका. वरचा माउंट गाडीचं वजन झेलायला बनवलेला नसतो.

कडकपणाचा अंदाज गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली डुलेल यावरून घेतात. आरामदायी गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झ, स्पोर्टी रोजच्या गाड्या १.५ ते २, त्याच्या वर रेसिंगचं राज्य. चाकापाशी २२ न्यूटन प्रति मिमी आणि त्या कोपऱ्यावर ३५० किलो असतील तर १.२६ हर्ट्झ येतात. रोजच्या गाडीला १.६ च्या वर गेलात तर मागच्या सीटवरच्यांची तक्रार येणार.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला नरम आणि दाबली की कडक होते, रोजच्या वापराला बहुतेक कंपन्या तीच देतात आणि ते बरोबर आहे, माणसं भरली की आधार वाढतो. सरळ रेषेच्या स्प्रिंगला शॉकअप सेट करणं सोपं, म्हणून ट्रॅकवाल्यांना ती आवडते.

६. सोबत लागणाऱ्या छोट्या वस्तू

इथे हात आखडता घेतला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं, मजुरी दोनदा.

- वरचे स्ट्रट माउंट आणि बेअरिंग, जुने असतील तर नक्की
- बम्प स्टॉप, स्प्रिंगच्या कंपनीने सांगितलेल्या लांबीचे. जुना कापायला सांगितलं असेल तर सांगितला तेवढाच कापा, काढून फेकू नका, तो नसेल तर धातूवर धातू आपटतो
- धुळीचे बूट आणि स्प्रिंगखालचे रबरी पॅड
- नवीन नट-बोल्ट, बरेचसे एकदाच वापरायचे असतात
- अँटी-रोल बारच्या लिंक रॉड, ३० मिमीच्या पुढे जात असाल तर लांबी बदलता येणाऱ्या
- कॅम्बर बोल्ट (कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय ते), गाडीला कॅम्बर ॲडजस्टमेंट नसेल तर

७. कागदपत्रं

सस्पेन्शन बदल कुठे नोंदवावा लागतो, कुठे तपासणी लागते, कुठे ठरावीक उंचीखाली चालत नाही, तुमच्याकडचा नियम आधी वाचा. स्वतःजवळ हे ठेवा: पार्टचं बिल, पार्ट नंबर आणि त्यांचे फोटो, कंपनीचं फिटिंग पत्रक, असेल तर मान्यतेचा दाखला (जर्मन कंपन्यांच्या पार्टसोबत बऱ्याचदा टीयूव्हीचा, म्हणजे तिथल्या तपासणी संस्थेचा, कागद येतो, त्यात कोणत्या एक्सल लोडला आणि कोणत्या टायर मापाला पार्ट चालतो तेही लिहिलेलं असतं, निवडताना सुद्धा कामाला येतो), अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा प्रिंटआउट. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळलं तर क्लेम अडू शकतो.

सेकंडहँड घेत असाल तर स्प्रिंग चालतील, गंज आणि चिरा बघून. शॉकअप मात्र रॉडवर ओरखडा किंवा तेलाचा ओलावा दिसला की परत करा. बॉक्स नवा पण स्प्रिंगवर पार्ट नंबर छापलेला नाही, असं काही असेल तर नकली समजा.

८. बसवताना

लागणारी हत्यारं: दोन मजबूत जॅक स्टँड, चांगला स्प्रिंग कंप्रेसर, टॉर्क रेंच, रॉड धरायला ॲलन की सोबत लांब पाना, ब्रेक पाइप लटकू नये म्हणून तार किंवा हुक, आणि गाडीच्या मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे. दबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते, कंप्रेसर डुगडुगणारा असेल तर हे काम गॅरेजला द्या, यात कमीपणा काही नाही.

गॅरेजला दिलं तरी तीन गोष्टी समोर उभं राहून बघा.

रॉडचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू द्यायचा नाही, रॉड आत गरगर फिरतो आणि सील-व्हॉल्व्हचं नुकसान होतं. रॉडला पकडीने धरायचं तर मुळीच नाही.

स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत नीट टेकलंय का.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते: आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लोंबत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. बुशमधलं रबर जिथे बोल्ट आवळला तिथे चिकटून पिळलं जातं. लोंबत्या चाकावर आवळलं तर गाडी खाली टेकल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं, उंची वाकडी येते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर वजनासकट उभी करा, मग टॉर्क द्या. स्प्रिंगनंतर गाडी अपेक्षेपेक्षा उंच राहिली अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

९. अलाइनमेंट आणि बाकीचे सेन्सर

स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या दबून खाली बसतात. म्हणून बसवल्या बसवल्या टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जागेवर आणून घ्या आणि स्प्रिंग बसल्यावर पूर्ण अलाइनमेंट करा. टायर आतून खाल्लं की सगळे कॅम्बरला दोष देतात, पण रोजच्या गाडीत टो जास्त नुकसान करतो. मायनस एक ते दीड अंश कॅम्बर आणि टो शून्याच्या जवळ असेल तर टायर व्यवस्थित चालतात, तोच कॅम्बर ठेवून टो बिघडू दिला तर आतली कड बघता बघता जाते. मागच्या चाकांचाही प्रिंटआउट मागा.

हेडलाइट खाली-वर झालेले असतात. झेनॉन किंवा ऑटो लेव्हलिंग एलईडी असतील तर एक्सलपाशी उंचीचा सेन्सर असतो, तो नव्या उंचीला कॅलिब्रेट करावा लागतो नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो किंवा तुम्हालाच पुढचं दिसत नाही. लेन असिस्ट, ॲडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर कॅमेरा-रडार कॅलिब्रेशनबद्दल मॅन्युअल काय म्हणतं ते तपासा.

जुन्या काही गाड्यांत, व्हॅनमध्ये जास्त, मागच्या एक्सलला एका सळईने जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागची उंची कमी झाली की त्याला वाटतं गाडी भरलेली आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, म्हणजे रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. असा व्हॉल्व्ह असेल तर तो नव्या उंचीला सेट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

१०. पहिल्या काही दिवसांत काय तपासायचं

पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग वळवून टायर कुठे लागतंय का बघा, रिकाम्या गाडीत आणि मागे माणसं बसवून. कमी वेगात वळताना टक असा आवाज येत असेल तर वरच्या माउंटचं बेअरिंग किंवा स्प्रिंगचं टोक, सरळ रस्त्यावर छोट्या खड्ड्यात खटखट येत असेल तर बहुतेक लिंक रॉडचा नट. थोडं अंतर चालल्यावर सगळ्या बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा आणि चारही चाकांची मध्य-ते-आर्च मापं घेऊन दुसऱ्या स्टेपमध्ये लिहिलेल्या मापांशी ताडून बघा.

झिप टाय पुन्हा लावा आणि तोच रस्ता त्याच वेगाने घ्या. तो रोज बम्प स्टॉपपर्यंत जात असेल आणि कॉइलओव्हर असेल तर पुढचं-मागचं पाच-दहा मिमी वर घ्या, अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. स्प्रिंग असतील तर बम्प स्टॉप कंपनीने सांगितलेल्याच लांबीचा बसलाय का ते आधी बघा, तो बरोबर असूनही आपटत असेल तर कमी ड्रॉपची स्प्रिंग घ्या. जुने पार्ट विकायची घाई करू नका, मूळ स्प्रिंग-शॉकअप लेबल लावून तेल पुसून जपून ठेवा, गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना तेच लागतात.